विझलेल्या विरळ दीर्घिका: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

फिकट आणि विरळ बटू दीर्घिकांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांमध्ये एक समजूत दिसते, की दीर्घिका विरळ होणं आणि तिच्यात तारे जन्मायचं थांबणं ही एकच घटना आहे. तसं नाही. या दोन घटनांची कारणं वेगवेगळी असू शकतात आणि दोन्हींमध्ये काही अब्ज वर्षांचं अंतरही असू शकतं. खालची सगळी उत्तरं हा फरक धरूनच दिली आहेत.

प्रश्न: ‘अतिविरळ दीर्घिका’ कुणाला म्हणायचं? ती बटू आहे, मग तिचा आकार आकाशगंगेएवढा कसा सांगतात? (एक वाचक, नाशिक)

‘बटू’ हा शब्द ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानावरून आला आहे, पसाऱ्यावरून नाही. आपल्या आकाशगंगेतल्या ताऱ्यांचं वस्तुमान सुमारे ५ हजार कोटी सूर्यांएवढं भरतं. अतिविरळ दीर्घिकेत ते साधारण १ कोटी ते ३० कोटी सूर्यांएवढं असतं, पण एवढेसे तारे फार मोठ्या जागेत पसरलेले असतात.

व्याख्या दोन अटींची आहे. दीर्घिकेचा अर्धा प्रकाश ज्या त्रिज्येच्या आत येतो ती त्रिज्या किमान ५ हजार प्रकाशवर्षं हवी, आणि मध्यभागाची पृष्ठतेजस्विता (आकाशाच्या ठरावीक तुकड्यातून येणारं तेज) दर चौरस विकलेला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) २४ व्या प्रतीची किंवा त्याहून फिकट हवी. प्रत हे तेजाचं माप आहे, आकडा जितका मोठा तितकं तेज कमी. २०१५ मध्ये पीटर व्हॅन डोक्कम आणि सहकाऱ्यांनी ‘ड्रॅगनफ्लाय’ या कॅनन टेलिफोटो लेन्स जोडून बनवलेल्या दुर्बिणीतून अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या, दीर्घिकांच्या कोमा समूहात अशा ४७ दीर्घिका शोधल्या, तेव्हा हे नाव रूढ झालं. त्याच वर्षी सुबारू दुर्बिणीच्या जुन्या प्रतिमा तपासून याच समूहातली संख्या ८५४ वर गेली. तशा मोठ्या, फिकट बटू दीर्घिका कन्या समूहात १९८४ मध्येच सँडेज आणि बिंगेली यांनी नोंदवल्या होत्या. या कामाचा उल्लेख फारसा होत नाही, तो व्हायला हवा.

फिकटपणाचा अंदाज आकड्यांतून येतो. अगदी काळोख्या ठिकाणाहूनही रात्रीचं आकाश दर चौरस विकलेला सुमारे २२ व्या प्रतीचं असतं. अडीच प्रतींचा फरक म्हणजे दहा पट. म्हणजे २४ व्या प्रतीची दीर्घिका आकाशाच्या स्वतःच्या उजेडापेक्षा सहा पट फिकट, आणि आकाशगंगेभोवती फिरणारी, २०१६ मध्ये सापडलेली क्रेटर-२ ही दीर्घिका (सुमारे ३१ वी प्रत) जवळजवळ चार हजार पट फिकट. क्रेटर-२ प्रतिमेत ‘दिसत’ नाहीच. तिच्यातले सुटे तारे मोजून, त्या दिशेला ते जरा जास्त आहेत एवढ्यावरून ती ओळखली गेली.

प्रश्न: तारे इतके पांगतात कसे? (एक वाचक, कोल्हापूर)

किमान चार मार्ग आहेत, आणि एकाच दीर्घिकेवर दोन-तीन मार्गांचा परिणाम झालेला असू शकतो.

पहिला मार्ग आतून येतो. मोठे तारे जन्मल्यावर काही कोटी वर्षांतच सुपरनोव्हा होऊन फुटतात आणि भोवतालचा वायू बाहेर ढकलतात. वायू गेला की दीर्घिकेच्या मध्यभागातलं गुरुत्व एकदम कमी होतं आणि ताऱ्यांच्या कक्षा सैल पडतात. वायू पुढे परत आला तरी तारे पूर्वीच्या कक्षांत परतत नाहीत. इथे कळीचा मुद्दा वेगाचा आहे: वायू ताऱ्यांच्या एका फेरीपेक्षा कमी काळात निघून जायला हवा. सावकाश गेला तर कक्षा सैल होतात, पण वायू परतताच पुन्हा आवळतातही. असे स्फोटांचे अनेक हप्ते झाले की तारे आणि कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वातून कळणारं द्रव्य) दोन्ही बाहेर सरकतात. संगणकीय सादृश्यीकरणांत हा परिणाम अतिविरळ दीर्घिकांच्या वस्तुमानालाच सर्वांत जोरदार दिसतो. त्याहून लहान दीर्घिकेत सुपरनोव्हा पुरेसे होत नाहीत, मोठीत गुरुत्व त्यांना जुमानत नाही.

दुसरा मार्ग फिरकीचा. कृष्णद्रव्याच्या ज्या प्रभामंडळाला, म्हणजे दीर्घिकेभोवतीच्या वेढ्याला, जन्मतःच जास्त कोनीय संवेग (फिरकी) मिळाला, त्यातला वायू केंद्राकडे न जाता रुंद, पातळ चकतीत स्थिरावतो. चकती पातळ असेल तर वायू रेणूंच्या रूपात येऊन थंड व्हायला अडचण पडते. साधारण दर चौरस पार्सेकला (१ पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) १० सूर्यांपेक्षा कमी वायू असेल तर तारे फार संथपणे बनतात. अशी दीर्घिका विरळ असते, पण विझलेली नसते. अरेसिबोच्या रेडिओ सर्वेक्षणातून मोकळ्या जागेत असलेल्या, वायूने भरलेल्या अशा ११५ विरळ दीर्घिकांची यादी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

तिसरा मार्ग भरतीबलांचा, म्हणजे दीर्घिकेच्या जवळच्या आणि दूरच्या बाजूंवर असमान पडणाऱ्या ओढीचा. मोठ्या दीर्घिकेजवळून जाताना बाहेरचं कृष्णद्रव्य आधी ओरबाडलं जातं, आणि उरलेले तारे कमी गुरुत्वात पसरतात. क्रेटर-२ मधल्या ताऱ्यांच्या वेगांतली तफावत सेकंदाला जेमतेम पावणेतीन किलोमीटर आहे. एवढ्या मोठ्या पसाऱ्यासाठी ती आश्चर्य वाटावं इतकी कमी आहे. भरतीबलांनी तिला पोखरलं आहे, हेच स्पष्टीकरण आम्हाला सर्वांत पटतं. गाया यानाच्या मोजमापांतून २०१८ मध्ये सापडलेली अँटलिया-२ हीसुद्धा याच जातीची.

चौथा मार्ग साधा आहे आणि म्हणूनच विसरला जातो. तारे जन्मायचे थांबले की निळे, तेजस्वी तारे मरून जातात. १ अब्ज वर्षांच्या आणि १० अब्ज वर्षांच्या तारकासमुदायात, वस्तुमान तेच असलं तरी दीड ते दोन प्रतींचा फरक पडतो. म्हणजे आधी ‘विरळ’ या व्याख्येत न बसणारी दीर्घिका नुसतं वय वाढल्याने तिच्यात बसते.

यांतला कोणता मार्ग, हे ओळखायच्या खुणा आहेत. ताऱ्यांच्या संख्येच्या मानाने जड मूलद्रव्यं जास्त असतील तर दीर्घिका पूर्वी मोठी होती आणि भरतीबलांनी झिजली. रुंद, फिरणारी वायूची चकती असेल तर फिरकीचा मार्ग. ताऱ्यांची निर्मिती हप्त्याहप्त्यांनी झाली असेल तर स्फोटांचा संशय घ्यावा.

प्रश्न: तारे बनणं थांबतं म्हणजे वायू संपतो का? (एक वाचक, अमरावती)

वापरून संपत नाही. बटू दीर्घिका वायूच्या बाबतीत फार काटकसरी असतात, त्यांना सगळा वायू ताऱ्यांत बदलायला विश्वाच्या वयाहून जास्त काळ लागेल. वायू तापवला जातो, उडवला जातो किंवा काढून नेला जातो. कोणतं कारण लागू पडेल हे दीर्घिकेचं वस्तुमान आणि तिची जागा यांवर ठरतं.

सर्वांत लहान दीर्घिकांचा प्रकार आधी पाहू. सिंह राशीतली सेग्यू-१ ही सुमारे ७५ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि तिचा एकूण प्रकाश काही शे सूर्यांएवढाच आहे. विश्वाच्या पहिल्या १ अब्ज वर्षांत पहिल्या ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या अतिनील किरणांनी दीर्घिकांच्या मधल्या जागेतला हायड्रोजन पुन्हा आयनित केला, म्हणजे त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन वेगळे काढले, आणि तो सुमारे १० हजार केल्विनपर्यंत तापला. ज्या प्रभामंडळात फिरण्याचा वेग सेकंदाला २० ते ३० किलोमीटरच्या खाली आहे, त्यात इतका तापलेला वायू नव्याने शिरू शकत नाही. जवळ होता तेवढ्यावर थोडे तारे बनतात आणि मग सगळं थांबतं. २०१४ मध्ये हबलच्या निरीक्षणांतून सहा अतिफिकट दीर्घिकांचा अभ्यास झाला. त्यांतले सुमारे ८० टक्के तारे विश्व १ अब्ज वर्षांचं व्हायच्या सुमारासच बनून गेलेले आढळले. हे वय ताऱ्यांच्या रंग-तेजस्विता आलेखातल्या वळणबिंदूवरून काढतात: मुख्य श्रेणी (हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांचा पट्टा) सोडून जाणारे तारे जितके फिकट, तितका समुदाय जुना. यासाठी सूर्यासारख्या ताऱ्यांपर्यंत खोल निरीक्षण लागतं, म्हणून ही पद्धत फक्त शेजारच्या दीर्घिकांना लागू पडते.

आता सुपरनोव्हा. हिशोब करून पाहू. १ कोटी सूर्यांइतका वायू आहे आणि मुक्तिवेग सेकंदाला ४० किलोमीटर आहे असं धरा. वायू सोडवायला लागणारी ऊर्जा म्हणजे अर्धं गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग: साधारण १.६ × १०^४६ ज्यूल. एका सुपरनोव्हाची ऊर्जा १०^४४ ज्यूल. म्हणजे कागदावर १६० सुपरनोव्हा पुरतात. दर १०० सूर्यांइतके तारे बनले की साधारण एक सुपरनोव्हा होतो, तेव्हा १६ हजार सूर्यांइतके तारे बनले की काम झालं, असं वाटेल. प्रत्यक्षात बहुतेक ऊर्जा किरणोत्सर्गातून निघून जाते आणि जेमतेम दहावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी, वायूला ढकलण्यात जातो. दहावा हिस्सा धरला तरी दीड लाखाहून अधिक सूर्यांइतके तारे आधी बनावे लागतात. शिवाय उडालेला वायू पुरेसा दूर गेला नाही तर काही कोटी वर्षांनी परत येतो. म्हणून एकटे सुपरनोव्हा दीर्घिकेला वारंवार थकवतात, कायमचं मात्र क्वचितच विझवतात. अनेक लोकप्रिय लेखांत याच्या उलट लिहिलेलं असतं, ते तपासून घ्यावं.

कायमचं विझवण्याचं काम बहुतेकदा शेजार करतो. कोमासारख्या समूहात दीर्घिकांमधली जागा सुमारे १० कोटी केल्विन तापमानाच्या विरळ वायूने भरलेली असते. त्यातून धावणाऱ्या दीर्घिकेला समोरून वारा लागतो, जसा हवा स्तब्ध असतानाही वेगात दुचाकी चालवणाऱ्याला लागतो. या दाबाचं सूत्र गन आणि गॉट यांनी १९७२ मध्ये दिलं: घनता गुणिले वेगाचा वर्ग. घनता दर घन सेंटिमीटरला एक हजारांश कण आणि वेग सेकंदाला दीड हजार किलोमीटर घेतला तर दाब येतो सुमारे ४ × १०^-१२ पास्कल. समोर दीर्घिकेचं गुरुत्व: दर चौरस पार्सेकला ५ सूर्यांइतका वायू, फिरण्याचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर आणि त्रिज्या ५ हजार प्रकाशवर्षं धरली तर वायूला धरून ठेवणारा दाब येतो सुमारे २ × १०^-१३ पास्कल. वारा वीस पट भारी. पहिल्याच फेरीत, काही दशकोटी वर्षांत, वायू निघून जातो. तारे मात्र जागच्या जागी राहतात, कारण वाऱ्याची पकड ताऱ्यांवर बसत नाही.

आकाशगंगेभोवतीचा वायू याहून बराच विरळ आणि वेगही सेकंदाला २०० ते ४०० किलोमीटरच. वरच्याच दीर्घिकेला तो पुरेसा पडत नाही. पण तिच्याहून लहान दीर्घिका केंद्राच्या जवळून गेली, आणि सुपरनोव्हांनी तिचा वायू आधीच सैल करून ठेवला असेल, तर पुरतो. म्हणूनच आकाशगंगेच्या जवळच्या उपदीर्घिकांपैकी दोन्ही मॅजेलनिक मेघांकडेच भरपूर वायू आहे, बाकीच्या जवळजवळ कोरड्या आहेत.

उपासमारीचा एक मार्गही आहे: समूहात शिरल्यावर बाहेरून येणारा ताजा वायू बंद होतो. मोठ्या दीर्घिकांत तो महत्त्वाचा. बटूंमध्ये वायू त्याआधीच गेलेला असतो.

प्रश्न: शेजारी कुणी नसताना विझलेल्या दीर्घिका असतात का? (एक वाचक, पणजी)

असतात, पण फार थोड्या. मार्ला गेहा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये स्लोन या आकाश सर्वेक्षणातून दाखवलं की मोठ्या दीर्घिकेपासून सुमारे ५० लाख प्रकाशवर्षांपलीकडे १ कोटी ते १०० कोटी सूर्यांच्या पट्ट्यातल्या बटू दीर्घिका जवळजवळ सगळ्या तारे बनवत आहेत. शेजाराचाच हात आहे, याचा याहून भक्कम पुरावा आमच्या माहितीत नाही. मात्र एक सावधगिरी हवी: त्या सर्वेक्षणात अतिविरळ दीर्घिका नीट पकडल्या जात नाहीत, त्यामुळे हा निष्कर्ष त्यांच्यावर जसाच्या तसा लादू नये.

जे अपवाद सापडतात त्यांतल्या काहींचा उलगडा मागच्या प्रवासातून होतो. दीर्घिका एखाद्या समूहातून आरपार गेली, वायू तिथेच गमावला, आणि लांबट कक्षेमुळे आज पुन्हा मोकळ्या जागेत पोहोचली. २०२१ मध्ये सादृश्यीकरणांत अशा परत फेकल्या गेलेल्या विझलेल्या विरळ दीर्घिका दिसल्या. आपल्या स्थानिक समूहातली तुकाना ही बटू दीर्घिका आज सुमारे २९ लाख प्रकाशवर्षांवर एकटी आहे आणि जुन्या ताऱ्यांचीच बनली आहे, तिच्याबद्दलही हाच संशय घेतला जातो. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांतून जाहीर झालेली पर्ल्सडीजी ही एकटी, विझलेली बटू दीर्घिका मात्र अजून या साच्यात सहज बसत नाही.

प्रश्न: वायू उरला आहे की नाही, हे इथल्या जीएमआरटीला कळतं का? (एक वाचक, जुन्नर)

कळतं, आणि हे काम खोडदच्या या रेडिओ दुर्बिणीने फार चांगलं केलं आहे. उदासीन (आयनित नसलेला) हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीला, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झला रेडिओ लहरी सोडतो. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ आहेत, बाकीची तीन भुजांवर दूरवर पसरली आहेत. जवळची ताटं पसरट, फिकट वायू टिपतात, दूरची बारकावे दाखवतात. बटू दीर्घिकेला दोन्ही लागतात. फिकट अनियमित दीर्घिकांचं ‘फिग्ज’ हे सर्वेक्षण इथेच झालं. एनजीसी ३७४१ या बटू दीर्घिकेची वायूची चकती तिच्या दृश्य त्रिज्येच्या आठ पटींहून मोठी आहे, हेही इथेच कळलं.

वायूचं वस्तुमान काढायचं सूत्र सोपं आहे: २ लाख ३६ हजार गुणिले अंतराचा वर्ग (मेगापार्सेकमध्ये) गुणिले एकूण संकेत (जान्स्की-किलोमीटर प्रति सेकंदमध्ये; जान्स्की हे रेडिओ संकेताच्या तीव्रतेचं एकक). १० मेगापार्सेकवरून १ एकक संकेत आला तर वायू झाला २ कोटी ३६ लाख सूर्यांइतका. अंतर वर्गात असल्यामुळे त्यातली २० टक्के चूक उत्तरात ४० टक्क्यांहून अधिक होते. चुका आणखी दोन ठिकाणी होतात. आयनित वायू या लहरींत दिसतच नाही, म्हणून ‘संकेत नाही’ याचा अर्थ ‘उदासीन वायू नाही’ एवढाच घ्यावा. दुसरं म्हणजे दीर्घिकेचा वेग आकाशगंगेच्या वायूच्या वेगाजवळ असेल तर दोन्ही संकेत मिसळतात.

लिओ-टी ही बटू दीर्घिका याचं उत्तम उदाहरण. तिचा वेग सेकंदाला अवघा ३८ किलोमीटर, त्यामुळे वाटेतला आकाशगंगेचा वायू काळजीपूर्वक वेगळा काढावा लागतो. नेदरलँड्सच्या वेस्टरबोर्क आणि जीएमआरटी या दुर्बिणींनी २००८ मध्ये दाखवलं की तिच्याकडे काही लाख सूर्यांइतका वायू आहे. ती जवळपास १४ लाख प्रकाशवर्षांवर, आकाशगंगेच्या वाऱ्याबाहेर आहे आणि तिच्यात अगदी अलीकडेही तारे बनले आहेत. इतकी लहान दीर्घिका दूर राहिली म्हणून वाचली, असं आम्ही तिच्याकडे पाहतो.

प्रश्न: कृष्णद्रव्य नसलेली दीर्घिका खरंच सापडली का? (एक वाचक, बंगळूर)

एनजीसी १०५२-डीएफ२ या अतिविरळ दीर्घिकेविषयी हा दावा २०१८ चा. तिच्या गोलाकार तारकागुच्छांचे वेग इतके कमी आले की ताऱ्यांचंच वस्तुमान त्यांना पुरतं. वाद अंतरावर होता: ती ६.५ कोटी प्रकाशवर्षांऐवजी ४.२ कोटींवर असेल तर तारे कमी ठरतात आणि कृष्णद्रव्याला जागा उरते. २०२१ मध्ये हबलच्या खोल प्रतिमांतल्या तांबड्या महाताऱ्यांवरून अंतर सुमारे ७ कोटी प्रकाशवर्षं आलं, त्यामुळे मूळ दावा टिकून आहे. तेवढ्यावरून सगळ्या विरळ दीर्घिका तशाच समजू नयेत. बहुतेकींत कृष्णद्रव्य भरपूर आहे.

प्रश्न: आमच्या मंडळाकडे १०० मिलिमीटरची अपवर्तक दुर्बीण आणि थंड कॅमेरा आहे. आम्हाला अशी दीर्घिका टिपता येईल का? (एक हौशी खगोल मंडळ, सातारा)

कोमामधली नाही. तिथे ५ हजार प्रकाशवर्षं म्हणजे फक्त ३ विकला. जवळची मात्र जमू शकते. इटलीतले हौशी निरीक्षक जुझेप्पे दोनातिएल्लो यांनी १२७ मिलिमीटरच्या अपवर्तकातून काढलेल्या प्रतिमांत देवयानीतल्या मिराक ताऱ्याजवळ एक बटू दीर्घिका सापडली. ती सुमारे १ कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि आज दोनातिएल्लो-१ याच नावाने ओळखली जाते. पावसाळ्यानंतर, अमावास्येच्या आसपास, हा भाग आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो.

तुम्हाला २१ व्या प्रतीचं आकाश मिळालं आणि लक्ष्य २६ व्या प्रतीचं असेल तर ते आकाशाच्या फक्त १ टक्का उजळ असेल. म्हणजे फ्लॅट फ्रेममधली (कॅमेऱ्यातली असमानता दुरुस्त करायला घेतलेल्या एकसारख्या उजेडाच्या प्रतिमेतली) १ टक्क्याची चूक लक्ष्य गिळून टाकेल किंवा नसलेली दीर्घिका निर्माण करेल. कॅमेरा न हलवता, फोकस न बदलता, त्याच रात्री किमान ५० फ्लॅट घ्या. दोन प्रतिमांमध्ये दुर्बीण लक्ष्याच्या आकाराहून मोठ्या अंतराने सरकवा, चार-सहा पिक्सेल सरकवून भागणार नाही. प्रत्येक प्रतिमा इतकी लांब हवी की आकाशाचा गोंगाट कॅमेऱ्याच्या वाचन-गोंगाटाला झाकून टाकेल. संकेत आणि गोंगाटाचं गुणोत्तर वेळेच्या वर्गमुळाने वाढतं, तेव्हा ४ तासांच्या दुप्पट गुणवत्ता हवी असेल तर १६ तास द्यावे लागतील.

सर्वांत जास्त नुकसान नंतरच्या प्रक्रियेत होतं. पार्श्वभूमी सपाट करणारं सॉफ्टवेअर दाट नमुना-बिंदूंनी चालवलं की ते फिकट दीर्घिकेलाच पार्श्वभूमी समजून वजा करतं. बिंदू थोडे ठेवा, हाताने ठेवा, आणि संशयित जागेवर एकही ठेवू नका.

डाग दिसला तर दोन परीक्षा घ्या. दुसऱ्या रात्री कॅमेरा ९० अंश फिरवून आणि दुर्बीण अर्धा अंश सरकवून तोच भाग टिपा: मिराकसारख्या तेजस्वी ताऱ्याचं लेन्समधलं परावर्तन असेल तर ते जागा बदलेल, खरी दीर्घिका ताऱ्यांच्या संदर्भात तिथेच राहील. मग अवरक्त धूळनकाशे पाहा, कारण आकाशगंगेतल्या धुळीचे पुंजके प्रकाश परावर्तित करून हुबेहूब विरळ दीर्घिकेसारखे दिसतात, पण १०० मायक्रॉनच्या नकाशात उघडे पडतात. लेगसी सर्व्हे या आकाश सर्वेक्षणाच्या खुल्या प्रतिमांत तोच भाग जुळवून पाहा. हे सगळं जमलं तरी व्यावसायिक दुर्बिणीतून सुटे तारे किंवा वेग मिळेपर्यंत तिला ‘संभाव्य’ असंच नोंदवा. अंतर कळल्याशिवाय ती जवळची छोटी बटू आहे की दूरची अतिविरळ, हे एकट्या प्रतिमेवरून ठरवता येत नाही.